मुख्य अर्जदार

"मॅडम, तुमी शाहीनला सांगा, तिची तयारी झालेली न्हाई म्हणून."

रविवारी सकाळी जावेद एकटाच आला होता. एरवी नवरा-बायको एकाच मोटारसायकलवर यायचे, मधे चार वर्षांची इनाया. त्या दिवशी तो दारातच उभा राहिला. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं, नुसती काच वर केली होती. हिंगोलीत रोज हेल्मेट घालणारा माझ्या माहितीतला तो एकटाच माणूस.

"मी कशाला सांगू?"

"तुमचं ऐकती ती. मी म्हणलं तर तिला वाटतं, मी जळून राहिलो."

"मग, जळतोयस का?"

त्याने काच खाली घेतली. मग परत वर केली. "परीक्षा पुढच्या महिन्यात हाय. मी बसतो एकटा. ती बसंल नंतर. तिला शाळेचे पेपर तपासायचे असतात, पोरगी लहान हाय. उगं तकलीफ कशाला? बराबर हाय ना?"

"विचार करते," मी म्हणाले.

तो गेला. खरं तर विचार करायला मला फार कष्ट पडणार नव्हते. जावेदइतकी नाही, पण थोडीफार मीही जळत होते.

मी हिंगोलीत फ्रेंच शिकवते. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "इथं कोण शिकतं हो?" त्याचं उत्तर असं, की इथं जवळजवळ कुणीच नाही. माझे विद्यार्थी नागपूर, सुरत, दुबईत बसलेले असतात आणि मी मोंढ्याच्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत. लॅपटॉप, एक चांगला माइक, आणि बंद खिडकी. मोंढ्यात हळद विकायला येते त्या दिवसांत खाली ट्रॅक्टरची रांग लागते. खिडकी उघडी राहिली तर विद्यार्थ्यांना माझ्या फ्रेंचपेक्षा हॉर्न जास्त ऐकू येतात.

हे सगळे फ्रेंच शिकतात ते कॅनडासाठी. कॅनडात कायमचं राहायला जायचं असेल तर तिथलं सरकार गुण मोजतं. वय, शिक्षण, नोकरीचा अनुभव, भाषा. तिशी गाठली की दर वाढदिवसाला वयाचे गुण गळायला लागतात. माणूस हुशार असतो, इंग्रजी फर्डं असतं, पण चाळिशी जवळ आली की नुसत्या इंग्रजीवर नंबर लागत नाही. मग कुणीतरी सांगतं, फ्रेंच कर. फ्रेंच येणाऱ्यांची निवड वेगळी होते आणि तिथं कमी गुणांवरही बोलावणं येतं. गंमत म्हणजे ही सोय क्वेबेक सोडून बाकीच्या प्रांतांसाठी असते. म्हणजे जिथं सगळे फ्रेंच बोलतात, ते गाव सोडून.

त्यासाठी टेफ नावाची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. चारही भागांत लेव्हल सात पाहिजे. तिन्हींत दहा आणि चौथ्यात सहा असेल, तर तो सहा तुम्हाला घरी बसवतो. आणि बहुतेकांचा हा सहा बोलण्यातच येतो.

जावेद पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. लॉकडाउनमध्ये घरी आला तो इथूनच काम करायला लागला. संभाजीनगरला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. वय सदतिशीला टेकलेलं. पहिल्या दिवशी तो नवी कोरी वही, तीन रंगांची पेनं आणि क्रियापदांचा तक्ता छापून घेऊन आला. मी मनात म्हटलं, हा पोरगा करणार.

शाहीन सहा महिन्यांनी आली. ती इथल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. माहेर गोरेगावचं, वडिलांचं कापडाचं दुकान. शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमातून. तिला जावेदनेच आणलं. बायकोलाही थोडंफार फ्रेंच आलं तर नवऱ्याच्या अर्जाला चार गुण जास्त मिळतात, एवढाच हिशेब होता.

"हिला जास्त न्हाई शिकवलं तरी चालंल," तो म्हणाला. "जुजबी."

शाहीन हसली. बुरख्याची पट्टी मागे सारून तिने माझ्याकडून एक पेन मागून घेतलं. स्वतःचं आणलंच नव्हतं.

फ्रेंच 'र' हा आपला 'र' नाही. तो जिभेने काढायचा नसतो, घशाच्या मागून काढायचा. पुण्यात शिकताना मला तो वर्षभर आला नव्हता. हॉस्टेलच्या बेसिनपाशी तोंडात पाणी घेऊन मी गुळण्या करत बसायचे, कारण बाईंनी सांगितलं होतं की तिथूनच तो आवाज निघतो. शेजारच्या मुली म्हणायच्या, हिचा घसा कायमचा बसलेला आहे. जावेदला तर सहा महिन्यांतही आला नव्हता. तो 'मेर्सी' म्हणायचा ते 'मिरची' म्हटल्यासारखं.

शाहीनला मी तो आवाज करून दाखवला. तिने एकदा ऐकला.

"मॅडम, ये तो ग़ैन है," ती म्हणाली. "ग़रीब का ग़."

आणि तिने 'मेर्सी' म्हणून दाखवलं. 'पारी' म्हटलं. 'रेस्तोराँ' म्हटलं. मी खिडकी उघडी आहे का पाहायला उठले. उघडी नव्हती. मला नुसतं उठायचं होतं.

आता, 'र' चुकल्याने कुणी नापास होत नाही, हे मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. परीक्षकाला तुमचं म्हणणं कळलं म्हणजे झालं. पण शाहीनचं 'र'वर थांबलं नाही. तिचा कानच तसा होता. रेकॉर्डिंग ऐकवलं की वाक्याचा चढउतार ती जशाच्या तसा उचलायची. अर्थ नंतर विचारायची. जावेद वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत जुळवायचा, मग फ्रेंचमध्ये आणायचा, मग तपासायचा, आणि तोंड उघडेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. त्याची वही छापायला देण्यासारखी. शाहीनच्या वहीत इनायाने काढलेल्या मांजरी. पण बोलायला लागली की तीच पुढे.

जावेदला हे पहिल्यांदा कौतुकाचं वाटलं. मग तो तिला दुरुस्त करायला लागला. ती बोलत असतानाच मधे, "'ल' न्हाई, 'ला'. बाईजात शब्द हाय तो." दहातल्या नऊ वेळा त्याची दुरुस्ती बरोबर असायची. ती थांबायची, "जी," म्हणायची, शब्द बदलायची आणि पुढे जायची. त्याला वाटायचं ती अडखळेल. ती अडखळायची नाही.

आणि मी? मी त्याला म्हणायचे, "जावेद, मधे बोलू नको." पण लगेच म्हणायचे नाही. थोडं थांबून म्हणायचे.

शिकवणाऱ्याचा हेवा लोकांना पटकन कळत नाही. माझे विद्यार्थी परीक्षा पास होतात, जातात आणि मला व्हॉट्सअॅपवर बर्फाचे फोटो पाठवतात. मी अंगठा टाकते. मी फ्रान्स पाहिलेलं नाही, कॅनडाही नाही. हिंगोलीहून सर्वांत लांब मी गेले ती चेन्नईला, भाचीच्या लग्नाला. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, की माझ्यासमोर बसलेल्या कुणापेक्षाही मला फ्रेंच जास्त येतं. शाहीन वर्षभर शिकली आणि ती गोष्टही जरा हलायला लागली.

मोठी गडबड माझ्याच एका वाक्याने झाली. एका क्लासला मी सहज म्हणाले, "अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते निकालानंतर ठरवा."

"म्हणजे?" जावेद.

"नवरा-बायकोच्या अर्जात एक मुख्य अर्जदार असतो. दुसरा त्याच्यासोबत जाणारा. ज्याचे गुण जास्त, त्याला मुख्य करायचं. शाहीन तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, नोकरीचा अनुभव आहे, बी.एड. आहे. तिचं फ्रेंच सातच्या वर गेलं तर तिचं नाव वर घालणं फायद्याचं."

शाहीनने जावेदकडे पाहिलं. जावेदने तीन पेनं वहीत ठेवून वही मिटली. त्या दिवशी इनायाला पुढे टाकीवर कुणी बसवायचं, यावरून खाली दोघांची बोलाचाली झाली ती मला वर ऐकू आली.

त्यानंतर महिनाभराने तो हेल्मेट घालून माझ्या दारात आला होता.

त्याने सांगितलेलं मी शाहीनला सांगितलं असतं, तर ते निव्वळ खोटंही झालं नसतं. हीच अडचण होती. तिच्या बोलण्यात एक जागा खरोखरच कच्ची होती.

बोलण्याच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात एक जाहिरात देतात. तुम्ही फोन केलाय असं समजून परीक्षकाला प्रश्न विचारायचे. तिथं 'तुम्ही' म्हणायचं, फ्रेंचमध्ये 'वू'. दुसऱ्यात वेगळी जाहिरात. आता परीक्षक तुमचा मित्र आहे, आणि त्याला त्या गोष्टीसाठी तयार करायचं. तो नाही म्हणतो, तुम्ही गळ घालायची. तिथं 'तू' म्हणायचं, 'त्यू'. मित्राला 'तुम्ही' म्हटलं की परीक्षकाला कळतं, ह्या माणसाला भाषेतली नाती कळलेली नाहीत.

शाहीनला 'त्यू' यायचं. माझ्या ऑनलाइन बॅचमधल्या मुलींशी ती झकास 'त्यू' बोलायची. समोर वयाने मोठा पुरुष आला की तिची गाडी 'वू'वर जायची. मी एकदा पुण्याच्या माझ्या एका मित्राला व्हिडिओवर बसवलं, पांढऱ्या दाढीचा माणूस. शाहीनने पूर्ण दहा मिनिटं त्याला 'वू' म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तोंडच वळत न्हाई. घरी सासऱ्याला आप, अब्बूला आप, ह्यांना आप."

परीक्षक पुरुष असणार की बाई, ते आधी कळत नाही. म्हणजे ही कच्ची जागा तिला एक लेव्हल खाली ओढू शकत होती. मी तिला शांतपणे सांगू शकत होते, "शाहीन, थोडी थांब." तिने ऐकलं असतं. जावेद खूश झाला असता. तो एकटा बसला असता. आणि माझ्या खोलीत माझ्यापेक्षा चांगलं फ्रेंच बोलणारं आणखी सहा महिने तरी कुणी झालं नसतं.

पुढच्या क्लासला दोघं आले. शाहीनने बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, हे म्हणतात, मी थांबावं. तुमचं काय मत? बसू का मी?"

जावेद माझ्याकडे बघत होता. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"तुझा 'त्यू' अजून पक्का नाही," मी म्हणाले.

"बघ," जावेद म्हणाला. "मी काय सांगून राहिलो होतो?"

तो 'बघ' मला आवडला नाही. त्यात मला माझाच आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "पण त्यावरून मी ठरवणार नाही. रविवारी पूर्ण मॉक घेऊ. परीक्षेसारखी. रेकॉर्ड करून."

"मित्र कोण व्हईल?" जावेदने विचारलं. "परत ते दाढीवाले सर?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मी होतो. माझ्यासमोर ती 'त्यू' म्हणली, तर मग कुणासमोरबी म्हणंल. मग मी काही बोलणार न्हाई. बराबर?"

त्याला वाटत होतं, त्याने डाव जिंकला. मलाही तसंच वाटलं. पण धंद्याच्या दृष्टीने सूचना चोख होती. नाही म्हणायला कारणच नव्हतं.

शाहीन म्हणाली, "ठीक आहे."

रविवारी इनायाला खालच्या मेडिकलवाल्याच्या बायकोकडे ठेवलं. मी खिडकी लावली, मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकला. पहिला भाग मीच घेतला. जाहिरात भाड्याच्या घराची होती. शाहीनने मला घराबद्दल इतके प्रश्न विचारले की मला शेजारी कोण राहतात तेसुद्धा बनवून सांगावं लागलं. मग मी उठले आणि माझ्या खुर्चीत जावेद बसला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, गुणांचा तक्ता मांडीवर घेऊन.

दुसरी जाहिरात होती, मोठ्या माणसांसाठी पोहण्याचा वर्ग, नवशिक्यांना प्रवेश. शाहीनने ती वाचली. पुढचं सगळं फ्रेंचमध्ये झालं. मी इथं आपल्या भाषेत सांगते.

"जावेद, ऐका..." ती 'वू'ने सुरू झाली. थांबली. आणि परत पहिल्यापासून, "जावेद, ऐक. तू ही जाहिरात पाहिलीस?"

जावेदच्या भुवया वर गेल्या. त्या तशाच राहिल्या.

"मला वेळ नाही," तो म्हणाला.

"तू रविवारी रिकामाच असतोस."

"माझं वय झालं."

"तिथं तुझ्यापेक्षा मोठी माणसं येतात. वर्गच मोठ्यांचा आहे."

"लोक हसतील."

हे त्याने अडखळत म्हटलं. पण ते पाठ केलेलं नव्हतं.

"कोणते लोक?" शाहीन म्हणाली. "तिथं तुला कोण ओळखतं? आणि इथं तू हेल्मेट घालतोस तेव्हा लोक हसतात. तू काढलंस का?"

मला हसू आलं. मी तक्त्यात तोंड घातलं. जावेद हसला नाही. मित्राने घ्यायच्या हरकती मी त्याला लिहून दिल्या होत्या, त्या त्याने बाजूला सारल्या.

"मग तू जा एकटी," तो म्हणाला. "तुला सगळं येतंच. माझी काय गरज?"

ही हरकत माझ्या कागदावर नव्हती. खाली कुणीतरी ट्रॅक्टर मागे घेत होतं, त्याचा भोंगा बंद खिडकीतूनही येत होता. शाहीनने तो संपायची वाट पाहिली नाही.

"मी एकटी जाणार नाही. आणि तू पाण्याला भीत नाहीस. मी तुझ्याआधी शिकेन, ह्याला भितोस."

फ्रेंचमध्ये हे वाक्य सोपं नाही. भीती, शंका, इच्छा आली की पुढच्या क्रियापदाचं रूप बदलतं. जावेदच्या वहीत त्या रूपाला दोन पानं होती, तीन रंगांत, आणि बोलताना ते त्याला एकदाही जमलं नव्हतं. शाहीनच्या तोंडून ते सहज, बिनचूक निघालं. मी तक्त्यात खूण केली. पेन्सिलीचं टोक तुटलं. इतकी जोरात खूण करायचं काही कारण नव्हतं.

जावेद गप्प बसला. मी शिकवलेलं होतं, की मित्र गप्प बसला तर तुम्ही गप्प बसायचं नाही. वेळ तुमची जाते.

"आणि शिकले मी आधी," शाहीन म्हणाली, "तर काय? तू बुडणार आहेस का?"

मोबाइल सगळं टिपत होता.

"झालं ना मॅडम?" जावेद मराठीत म्हणाला. "वेळ संपली असंल." तो उठला आणि खाली गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला नाही. नुसता जाऊन उभा राहिला असावा.

शाहीनचा चेहरा लाल झाला होता. "मॅडम, मैंने उनको तू बोला."

"बोलायलाच सांगितलं होतं."

"बाकीचंबी बोलले."

"ते सांगितलं नव्हतं. पण व्याकरणात चूक नाही."

ती थोडी हसली. मग परत तोच प्रश्न, "मग मी बसू का?"

खाली नवरा उभा होता. त्याला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मला काय हवं होतं तेही माहीत होतं. पण मांडीवर तक्ता होता आणि त्यात खुणा मीच केल्या होत्या.

"बस," मी म्हणाले. जरा उशिराच निघालं तोंडातून, पण निघालं.

परीक्षा हैदराबादला होती. इनायाला गोरेगावला आजोळी ठेवून दोघं रेल्वेने गेले. जाताना बोलत होते का, मला माहीत नाही. संध्याकाळी दोघांचेही वेगवेगळे फोन आले. जावेद म्हणाला, "एकदम बढिया झालं मॅडम. सगळं सुचलं. काय काय बोललो सगळं आठवतं." शाहीन म्हणाली, "काय बोलले काही आठवतच न्हाई. समोर आजोबांसारखे एक गृहस्थ होते. भांडले मी त्यांच्याशी."

इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय, ज्याला सगळं आठवतं त्याची मला काळजी वाटते.

निकाल ईमेलने येतो. जावेदने दोघांचे एकत्र पाठवले, सोबत एक शब्दही न लिहिता. त्याचं वाचणं नऊ, ऐकणं आठ, लिहिणं नऊ. बोलणं सहा. शाहीनचं लिहिणं जेमतेम सात, वाचणं आठ, ऐकणं नऊ. बोलणं दहा.

परीक्षा नेमकी कशी असते ते कळावं म्हणून मी स्वतः काही वर्षांपूर्वी ती दिली होती. माझं बोलणं नऊ होतं. मी कपाटातून सर्टिफिकेट काढून पाहिलं, उगाच, कदाचित माझ्या आठवणीत चूक असेल म्हणून. चूक नव्हती. मग मी शाहीनला फोन केला आणि अभिनंदन म्हणाले. आवाज नीट ठेवला. फोनवर ते सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी जावेद आला. ह्या वेळी हेल्मेट काढून, खुर्चीवर बसला.

"परत देतो मी," तो म्हणाला.

"दे. पण अर्जाला त्याची गरज नाही आता. शाहीनच्या नावाने टाका. आजच टाकता येईल."

"मॅडम, तुमाला समजून नाही राहिलं." तो टेबलावरचा माझा डबा इकडून तिकडे सरकवत होता. "मी सगळ्या गावाला सांगितलं, बायको-पोरीला घेऊन कॅनडाला चाललो. माझ्या चाचाला, ऑफिसात, मस्जिदीत. आता काय सांगू? बायको मला घेऊन चालली?"

"ते खरंच आहे."

"खरं हाय म्हणून तर." त्याने डबा परत जागेवर ठेवला. "ती काही बोलती का? न्हाई. एक शब्द न्हाई बोलली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. उलट म्हणती, आप फिर से दीजिए, हो जाएगा. त्याचंच जास्त लागतं."

त्याला काय लागलं होतं ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच कळलं नसतं. मी त्याला चहा मागवला. सहानुभूती म्हणून दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्याने परत परीक्षा दिली. मी त्याचे जादा क्लास घेऊन तयारी करवली, वही बाजूला ठेवायला लावली, बोलतानाच चुका करायला लावल्या. बोलण्यात परत सहा.

तेवढ्यात त्याचा वाढदिवस तोंडावर आला. मी त्याला काही म्हणाले नाही. गुण कसे गळतात ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. एका दुपारी क्लास चालू असताना त्याचा फोन आला.

"मॅडम, टाकला अर्ज. तिचं नाव वर घालून."

"कुणी भरला?"

"मीच भरला. ती कुठं बसती फॉर्म भरायला? पेपर तपासून राहिली ती." जरा थांबून म्हणाला, "त्यात विचारतात, नवरा सोबत येणार का म्हणून. मी 'होय'वर टिक केलं."

"बरं केलंस."

"दुसरं काय करणार होतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच ह्या विषयावर हसला.

बोलावणं आलं. त्याला फार महिने लागले नाहीत. मेडिकल तपासणी, पोलिसांचा दाखला, कागद, आणि ते गेले. आता ऑन्टारियोतल्या एका लहान गावात राहतात. शाहीन तिथल्या फ्रेंच शाळेत मदतनीस शिक्षिका आहे, पूर्ण शिक्षिकेचा परवाना मिळवते आहे. जावेदला पाच-सहा महिने काम नव्हतं. तो पोरीला शाळेत सोडायचा, आणायचा, स्वयंपाक करायचा. नंतर त्याला इंग्रजीत चालणारी नोकरी लागली. घरात कोण कुणाला काय म्हणतं, तू की आप, ते मी विचारलेलं नाही. शाहीनने सांगितलेलंही नाही.

जावेद अजून माझ्या शनिवारच्या ऑनलाइन बॅचला बसतो. तिथं सकाळ असते, इथं संध्याकाळ. त्याला आता सात पडले काय नि न पडले काय, कागदोपत्री काही फरक पडत नाही. पण त्याला ते पाडायचेच आहेत. त्याचं बोलणं सुधारतंय. रागाने शिकलेली भाषा लवकर येत नाही, पण जातही नाही.

मीही मधे परत परीक्षा देऊन आले. विद्यार्थ्यांना सांगताना म्हटलं, परीक्षेचा नमुना थोडा बदललाय, तो पाहून येते. बोलण्यात नऊ आले. परत नऊच.

ह्या सगळ्यातून धंद्यात मी एकच बदल केला. नवरा-बायको सोबत चौकशीला आले की मी त्यांना चहा पाजते, दोघांची नावं लिहून घेते, आणि पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या बॅचमध्ये घालते.